मुलांचा कणा आणि यंत्राचा हात

वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे जे प्रचंड धरण उभे आहे, त्याला तेहतीस दरवाजे आहेत. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि जलाशयाला पुढे इंदिरासागर हे नाव मिळाले. पावसाळा लागला, नदी फुगू लागली, की भंडारा जिल्ह्यात आणि त्याच्या खालच्या अंगाच्या गावांत एक प्रश्न घरोघर विचारला जातो : “आज किती दरवाजे उघडले?” दरवाजाचे लोखंड किती जाड आहे, हे नदीकाठचा माणूस विचारीत नाही. पाणी कोण मोजतो, दरवाजे कोण पाहतो आणि आपल्याला वेळेवर कळेल ना, एवढेच त्याला हवे असते. यंत्राच्या सुरक्षिततेचे निम्मे शास्त्र त्याच्या या साध्या प्रश्नात आले आहे.

हाच प्रश्न आता एका फार लहान आणि फार नाजूक जागी येऊन ठेपला आहे. मुलाच्या पाठीचा कणा वाकडा वाढू लागला आणि ते वाक फार झाले, तर मणक्यांत स्क्रू बसवून व त्यांना धातूच्या सळ्या जोडून तो सरळ करावा लागतो. ज्या हाडातून हा स्क्रू जायचा, त्याला आपण मणक्याचा देठ म्हणू. मुलाच्या छातीमागच्या मणक्यांत हा देठ कित्येकदा चार-पाच मिलिमीटरांहून रुंद नसतो. त्याच्या आतल्या अंगाला मज्जारज्जू असतो, ज्याच्यावर पायांचे चालणे अवलंबून. बाहेरच्या अंगाला फुप्फुस आणि पुढे शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. एवढ्या चिंचोळ्या वाटेने स्क्रू नेताना सर्जनच्या मदतीला अलीकडे यंत्रमानवाचा हात आला आहे. परदेशांत तो वीस वर्षांपूर्वीच आला. आपल्याकडेही दिल्ली-चेन्नईसारख्या मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत येऊन पोहोचला. तेव्हा आईबापांनी विचारले, की “यंत्राने केलेले ऑपरेशन अधिक सुरक्षित ना?”, तर त्यात नवल नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते नीट द्यायचे तर मुलांच्या पाठी सरळ करण्याच्या उद्योगाचा सारा इतिहासच थोडक्यात पाहावा लागतो.

शिडी आणि झाड

पाठीचे कुबड सरळ करण्याचा खटाटोप अडीच हजार वर्षांचा तरी जुना आहे. प्राचीन ग्रीसमध्ये रोग्याला शिडीला घट्ट बांधीत, ती शिडी उंचावर नेत आणि वरून आदळीत. हा प्रयोग पाहायला लोकांची गर्दी जमे. हिपोक्रातीसाच्या नावाने जे वैद्यकग्रंथ प्रसिद्ध आहेत, त्यांत या शिडीचे सविस्तर वर्णन आहे. पण गंमत अशी, की त्याच ठिकाणी ग्रंथकाराने हेही सांगून टाकले आहे, की शिडीने कोणाची पाठ सरळ झाल्याचे त्याला ठाऊक नाही आणि गर्दीला थक्क करण्याची हौस असलेले वैद्यच ती विशेष वापरतात. उपाय डोळ्यांत भरणारा आहे म्हणून तो गुणकारी ठरत नाही, ही तंबी वैद्यकाच्या अगदी आरंभीच्या पानांवर लिहिलेली आहे.

सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआज पारे याने वाकड्या पाठींसाठी लोखंडी चिलखतासारखा पट्टा करवून घेतला. मूल वाढत असेल तर तो पट्टा वरचेवर बदलावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे १७४१ साली पॅरिसच्या निकोला आंद्री या वयोवृद्ध प्राध्यापकाने मुलांच्या शरीरातील व्यंगे कशी टाळावीत व कशी सुधारावीत यावर एक पुस्तक लिहिले आणि त्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडून नवे नाव घडविले : ‘ऑर्थोपेडी’. ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ आणि ‘पेड’ म्हणजे मूल. आज हाडांच्या साऱ्या दवाखान्यांवर जी पाटी असते, तिचा मूळ अर्थ ‘सरळ मूल’ असा आहे. पुस्तकातले चित्रही फार बोलके आहे. एक वाकडे वाढलेले झाड आणि ते सरळ व्हावे म्हणून त्याच्या शेजारी रोवून दोरीने बांधलेला खुंट. आपल्या बागेत नव्या रोपाला आपण काठी लावतो, त्यातलाच हा प्रकार. जगभरच्या अनेक अस्थिवैद्यक संस्थांनी हेच चित्र आपली मुद्रा म्हणून घेतले आहे. त्या चित्रात बळजबरी नाही. खुंट आहे, दोरी आहे, आणि वेळ आहे.

जोर आणि हिशेब

कुबड येण्याची कारणे अनेक. काही मुलांचे मणके जन्मतःच वेडेवाकडे असतात. काहींचा कणा दहाव्या-बाराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढताना विनाकारण वळतो. काहींचा स्नायू लुळे पडल्यामुळे झुकतो. परंतु जुन्या काळी सर्वांत भयंकर कुबड होते ते क्षयाचे. १७७९ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट याने कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध दाखवून दिला. त्यामागे क्षयाचे जंतू असतात, हे कळायला रॉबर्ट कॉखचा १८८२ सालचा शोध लागावा लागला. हे जंतू मणके पोखरतात, मणके खचतात आणि पाठीवर टोक उभे राहते.

१८९६ साली फ्रान्समधील बेर्क या समुद्रकाठच्या गावी फ्रांस्वा कालो या तरुण सर्जनने एक धाडसी उपाय पुढे आणला. मुलाला भूल द्यायची, दोन्ही बाजूंनी ओढायचे आणि कुबडावर जोराने दाबून ते एका बैठकीत सपाट करायचे; वर प्लास्टर. उपायाचा बोलबाला झाला. वर्षानुवर्षांचे व्यंग काही मिनिटांत नाहीसे होते, म्हटल्यावर कोणाला मोह होणार नाही? इतर देशांतील सर्जनांनीही तोच प्रयोग आरंभला. मग दुसऱ्या बाजूच्या हकीकती येऊ लागल्या : कोणाचे पाय गेले, कोणाचा प्राण गेला, कोणाचे कुबड काही महिन्यांत परत आले. थोड्याच वर्षांत हा उपाय मागे पडला आणि खुद्द कालोही जोर सोडून हळूहळू दाब देणाऱ्या प्लास्टरकडे वळला. कालो दुष्ट नव्हता. यश आधी मोजले गेले आणि अपयश मागाहून, एवढाच काय तो दोष.

याच सुमारास, १८९५ साली, रंटजेनने क्ष-किरण शोधले आणि त्वचेखालचा कणा डोळ्यांना दिसू लागला. न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज याने १९११ साली वेगळीच वाट काढली. पाठ दाबण्याऐवजी त्याने रोगट मणक्यांच्या मागच्या बाजूची हाडे सोलून ती एकमेकांत अशी गुंतविली, की काही महिन्यांनी ती एकजीव व्हावीत. एकजीव झालेला कणा खचत नाही. क्षयासाठी आरंभलेली ही क्रिया त्याने पुढे साध्या वाकड्या पाठींनाही लावली. प्लास्टरच्या कवचात मुलांना महिनोन् महिने पडून राहावे लागे, तरी मार्ग योग्य होता.

पण योग्य मार्गावरही हिशेब ठेवावा लागतो. १९४१ साली अमेरिकेतील अस्थिसर्जनांच्या संघटनेने वाकड्या पाठीच्या ४२५ रुग्णांची पाहणी करून जो अहवाल दिला, तो अतिशय प्रांजळ होता. व्यायाम आणि पट्टे यांनी वाक थांबत नाही. शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याच जणांची हाडे नीट जुळत नाहीत. आणि एकंदरीत बहुसंख्य रुग्णांचा परिणाम सामान्य किंवा वाईट आहे. आपल्याच धंद्याविषयी इतके कडू सत्य छापून काढणे सोपे नसते. पुढची सारी सुधारणा या कबुलीच्या खांद्यावर उभी आहे.

हाजी अली आणि ह्यूस्टन

विसाव्या शतकाच्या मध्यावर पोलिओने जगभर थैमान घातले. मुले तापाने आजारी पडत, ताप उतरे आणि पाय उचलेनासे होत; पाठीचे स्नायू गेले की कणाही कलंडे. मुंबईत फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्या मुलीला घेऊन मद्रासच्या डॉक्टर किणी यांच्यापर्यंत गेल्या. तेथे जे शिकायला मिळाले ते आपल्या एका मुलीपुरते न ठेवता त्यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना काढला, संस्था उभारली. पुढे हाजी अलीजवळ मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका आईच्या हट्टातून निघालेले हे काम महाराष्ट्रातील बाल-अस्थिवैद्यकाच्या इतिहासात पहिल्या रांगेत ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षांत अमेरिकेत ह्यूस्टन शहरी पॉल हॅरिंग्टन हा सर्जन पोलिओच्या मुलांशी झगडत होता. कलंडलेल्या कण्यामुळे फुप्फुसे दबलेली आणि श्वास अपुरा, अशा मुलांना प्लास्टरचे कवच सोसत नसे. मग त्याने धातूची दातेरी सळई आणि आकडे तयार केले. सळईने आतूनच कणा ताणून धरायचा. आरंभी सळया मोडल्या, आकडे निसटले. प्रत्येक अपयशानंतर तो हत्यारात बदल करी. सळईबरोबर हिब्जप्रमाणे हाडेही जुळवावी लागतात, हे त्याला अनुभवाने उमगले. बराच काळ असे काम करून १९६२ साली त्याने १२९ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याची सळई जगभर गेली.

तिचा एक दोष मात्र पुष्कळ वर्षांनी कळला. कमरेपाशी कण्याला जो नैसर्गिक बाक असतो, तो ही सळई ताणून सपाट करी. मूल शाळेत असेतो काही जाणवत नसे; पस्तिशी-चाळिशीला पाठ पुढे झुके आणि दुखे. मुलावरील शस्त्रक्रियेचा निकाल रुग्णालयातून घरी जाताना लागत नाही, तो पंचवीस-तीस वर्षांनी लागतो. कोणत्याही नव्या उपायाबद्दल बोलताना ही गोष्ट मनात पक्की असावी.

१९६६ साली वाकड्या कण्याच्या अभ्यासासाठी अमेरिकेत एक खास संस्था निघाली. तिने आपल्या सभासदांकडून दुष्परिणामांचे आकडे मागविण्यास सुरुवात केली. सात-आठ हजार शस्त्रक्रियांचा हिशेब १९७५ साली प्रसिद्ध झाला; त्यात मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण शेकडा एकापेक्षा थोडे कमी निघाले. शंभरात एक ही संख्या कागदावर लहान दिसते. ज्या घरातले ते एक मूल असेल, त्या घराला ती लहान नसते.

टेबलावर जागे केलेले मूल

ही इजा वेळेवर ओळखायची कशी? मूल भुलीखाली असते. पाय हलत नाहीत हे कळेपर्यंत टाके घातलेले असतात. फ्रान्समधील लियों शहरच्या पिएर स्टानिआरा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक अत्यंत साधा उपाय मांडला. सळ्या घट्ट केल्या, की भूल थोडी उतरवायची. मूल अर्धवट जागे होते. त्याला नावाने हाक मारून सांगायचे, “हाताची मूठ मीठ.” मूठ मिटली म्हणजे मूल ऐकते आहे. मग, “आता पाय हलव.” पाय हलले, तर पुन्हा भूल देऊन काम पुरे करायचे, न हलले, तर लगेच ताण सैल करायचा. मुलाला हे सारे आदल्या दिवशी समजावून सांगत. नंतर बहुतेक मुलांना त्यातले काही आठवतही नसे.

मला तर या परीक्षेत शंभर यंत्रांहून अधिक शहाणपण दिसते. सर्जनने आपल्या कौशल्याचा पुरावा खुद्द मुलाकडून मागितला. पुढे अमेरिकेत आणि जपानात विजेच्या सूक्ष्म संदेशांनी मज्जारज्जूवर सतत पहारा ठेवण्याची युक्ती निघाली. डोक्याकडून दिलेला इशारा पायाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो की नाही, हे आता शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावर दिसते. इशारा मंदावला, की सारे हात थांबतात.

हा पहारा आणखी गरजेचा झाला, कारण हत्यारेही बदलली. पॅरिसच्या रेमों रॉय-कामी याने १९६३ पासून मणक्याच्या देठातून स्क्रू घालण्यास आरंभ केला. कोरियाच्या से-इल सुक याने १९९५ साली हेच स्क्रू छातीमागच्या मणक्यांत घालून वाकड्या पाठी सरळ केल्याचे दाखविले. स्क्रूची पकड आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम. पण त्याबरोबर तो आरंभी सांगितलेला चार-पाच मिलिमीटरांचा प्रश्न आला. एका मुलाच्या पाठीत असे पंधरा-वीस स्क्रू बसतात, आणि वळलेल्या कण्यात प्रत्येक मणक्याचे तोंड वेगळ्या दिशेला असते. यंत्रमानवाचा हात नेमका याच कामासाठी आला.

वेठीचा मजूर

‘रोबो’ हा शब्द चेक भाषेतला. कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगात पसरला आणि त्याचे मूळ आहे वेठबिगार या अर्थाच्या शब्दात. नाव यथार्थ आहे. सांगितले तेवढे आणि सांगितले तसेच करणारा हा मजूर.

१९८५ साली कॅलिफोर्नियात कारखान्यासाठी घडविलेला एक यांत्रिक हात मेंदूतील गाठीत सुई नेण्यासाठी प्रथम वापरला गेला. कण्यासाठी खास यंत्र निघाले ते इस्रायलमध्ये. हैफा येथील टेक्निऑन या संस्थेतील मोशे शोहाम यांच्या संशोधनातून २००१ साली मेझॉर ही कंपनी स्थापन झाली आणि २००४ साली तिच्या यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली. शीतपेयाच्या डब्याएवढे ते यंत्र थेट रुग्णाच्या पाठीच्या हाडाशी जोडीत. पुढे त्याच्या मोठ्या आणि सुधारलेल्या आवृत्त्या आल्या, इतर कंपन्यांचीही यंत्रे आली.

वाचकांच्या मनात एक गैरसमज असण्याचा संभव आहे, की यंत्रमानव स्वतः शस्त्रक्रिया करतो आणि सर्जन बाजूला उभा राहतो. तसे नाही. आधी सी.टी. स्कॅन काढतात. त्यावर सर्जन प्रत्येक स्क्रूची वाट, लांबी आणि जाडी ठरवितो. मग शस्त्रक्रियेच्या टेबलावरील मुलाचा कणा आणि संगणकातील चित्र यांची जुळणी करतात. जुळणी झाली, की यांत्रिक हात ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या कोनात एक पोकळ नळी स्थिर धरतो. नळीतून गिरमिट घालणारा आणि स्क्रू पिळणारा हात बहुधा सर्जनचाच असतो. सुताराच्या भाषेत सांगायचे, तर भोक सरळ पडावे म्हणून लावलेला हा फार हुशार साचा आहे. तो थकत नाही, त्याचा हात कापत नाही, आणि वळलेल्या मणक्याचा कोन तो विसरत नाही. हे त्याचे गुण खरे आहेत.

मग धोका कोठे? धोका जुळणीत आहे. तलाठ्याच्या नकाशातला बांध आणि शेतातला बांध हातभर चुकला, तर मोजणी कितीही काटेकोर असो, नांगर शेजाऱ्याच्या शेतात जाणार. स्कॅन काढताना मूल उताणे होते आणि टेबलावर पालथे आहे. कणा मुलांचा, लवचीक. श्वासाबरोबर तो हलतो. कोणाचा तरी धक्का लागून खूण सरकते. यंत्राला हे आपोआप कळेलच असे नाही. ते त्याच स्थिर हाताने, त्याच आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवील. दुसरे असे, की हाडाच्या उतरत्या पृष्ठभागावर गिरमिटाचे टोक घसरते. नळी सरळ असली तरी टोक वाकडे जाते. तिसरी गोष्ट किरणांची. वाढत्या वयाच्या शरीराला क्ष-किरणांचा मारा जितका कमी तितका बरा, आणि सी.टी. स्कॅनमध्ये तो साध्या फोटोपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून मुलांसाठी किरणांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवावे लागते.

आकडे काय सांगतात

जर्मनीत २०१२ साली एक कसोटी प्रसिद्ध झाली. साठ प्रौढ रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. काहींना यंत्राच्या मदतीने आणि काहींना मोकळ्या हाताने कमरेच्या भागात स्क्रू बसविले. अपेक्षेच्या उलट, हाताने बसविलेले ९३ टक्के स्क्रू नीट बसले आणि यंत्राने बसविलेले ८५ टक्के. यंत्र रुग्णाशी पुरेसे घट्ट जोडले गेले नव्हते आणि नळी हाडावरून घसरत होती, असे कारण पुढे आले. ही माहिती लपविली गेली नाही म्हणून पुढची यंत्रे सुधारली. नंतरच्या अनेक पाहण्यांत यंत्राचा नेम हाताच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला.

मुलांपुरते पाहायचे तर २०१६ साली अमेरिकेत वाकड्या पाठीच्या पन्नास मुलांचा अहवाल आला. यंत्राच्या मदतीने बसविलेल्या ६६२ स्क्रूंपैकी ७.२ टक्के जागेवरून चुकले होते. परंतु ज्या मुलांचे स्कॅन शस्त्रक्रियेप्रमाणेच पालथे झोपवून काढले होते, त्यांच्यात हे प्रमाण २.४ टक्क्यांवर आले. यंत्र तेच. बदलले ते एवढेच, की नकाशा काढताना मूल कसे झोपले होते, याचा कोणी तरी विचार केला. जुळणीविषयी वर जे म्हटले, त्याला याहून चांगला दाखला नाही.

मात्र चुकलेला स्क्रू म्हणजे इजा नव्हे; बहुतेक चुकलेले स्क्रू काही त्रास देत नाहीत. आईबापांना जाणून घ्यायचे असते ते वेगळेच : माझे मूल चालेल ना? आणि येथे आकड्यांची अडचण आहे. समजा, हाताने केलेल्या शंभर शस्त्रक्रियांत एका मुलाला इजा होते आणि यंत्राने ती निम्म्यावर येते. तर दोनशे-दोनशे मुले तपासली तरी एकीकडे दोन आणि दुसरीकडे एक एवढाच फरक दिसेल. तो नशिबाचाही असू शकतो. खात्री व्हायला हजारो मुलांची, अनेक रुग्णालयांतून, अनेक वर्षे गणती हवी. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे, की अनुभवी चमूच्या हाती हे यंत्र मुलांमध्ये स्क्रू अचूक बसविते, असे आजवरचे अहवाल सांगतात. त्यामुळे मुलांचे पाय अधिक वाचतात, हे सिद्ध व्हायचे आहे. ‘यंत्र आहे, आता भीती नाही’ हे वाक्य जाहिरातीत शोभेल. इतिहासाला ते ओळखीचे वाटते, कारण शिडीच्या आणि कालोच्या वेळी त्याने ते ऐकले आहे.

वैनगंगेच्या काठी

आता हे सारे गोसीखुर्दच्या परिसरातील एखाद्या मुलाच्या दृष्टीने पाहू. त्याच्यासाठी सुरक्षितता यंत्रापाशी सुरू होत नाही. ती फार आधी सुरू होते.

पहिली गोष्ट क्षयाची. मणक्यांचा क्षय आपल्याकडून गेलेला नाही. १९५२ च्या सुमारास आयसोनियाझिड हे औषध आले आणि चित्र पालटले. तरीही शस्त्रक्रियेचा आग्रह चालूच होता. वाराणसीच्या डॉक्टर एस. एम. तुली यांनी १९७५ साली आपली ‘मधली वाट’ मांडली : आधी औषधे आणि विश्रांती, ज्यांना त्याने उतार पडत नाही, ज्यांचे पाय जातात, त्यांच्यावरच शस्त्रक्रिया. बहुसंख्य रुग्ण सुरीशिवाय बरे झाले. कण्याच्या शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेत भारताने टाकलेली ही फार मोलाची भर आहे. न केलेली शस्त्रक्रिया हीही कधी कधी वैद्यकाची करामत असते. पोलिओचेही तेच. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही. लशीच्या थेंबांनी जेवढे कणे सरळ ठेवले, तेवढे कोणत्याही सळईने सरळ केले नसतील.

दुसरी गोष्ट विदर्भाच्या रक्ताची. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील लोकांत सिकलसेलचा दोष असल्याचे दाखवून दिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात तो आजही पुष्कळ घरांत आहे. हा आजार असलेल्या मुलाला लांबलेल्या शस्त्रक्रियेत थंडी वाजली, पाणी कमी पडले किंवा प्राणवायू कमी झाला, तर रक्तपेशी कोयत्यासारख्या वळून रक्तवाहिन्या तुंबवितात. यंत्राने स्क्रू केसभरही चुकू दिला नाही, तरी ही आपत्ती टळत नाही. ती टळते एका साध्या रक्ततपासणीने आणि त्यानुसार केलेल्या तयारीने.

तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. सात वाचविता आली. तेथली यंत्रे जीव वाचविण्यासाठीच आणलेली होती. ज्या जिल्ह्याने हे दुःख पाहिले, त्याला यंत्राची सुरक्षितता म्हणजे केवळ यंत्राचा दर्जा नव्हे, हे कोणी वेगळे शिकवायला नको. वायरी, रात्रपाळी, अग्निशामक साधने आणि जागे असलेले डोळे, हे सारे मिळून एक यंत्र होते.

म्हणून कोणा आईबापांवर हा प्रसंग आला, तर त्यांनी नम्रपणे पण न संकोचता काही गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रिया आताच करायला हवी का, की पट्टा बांधून वाट पाहता येईल? या सर्जनने मुलांच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि यंत्र मध्येच बंद पडले तर हाताने पुरी करतील ना? मज्जारज्जूवर विजेचा पहारा आहे का, आणि इशारा मंदावला तर कोण काय करणार? रक्ताची, सिकलसेलची तपासणी झाली का? आणि पाच-दहा वर्षांनंतर या मुलाला कोण तपासणार? चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात. ज्याला राग येईल, त्याच्याविषयी विचार करावा.

याहूनही आधीचे काम घरचे आहे. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झाला. तपासणीचे पथक गावात आले, की मूल शाळेत असावे. पण पथक वर्षातून एक-दोनदा येते, आई रोज घरी असते. १८६५ साली लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स याने एक परीक्षा सांगितली. तिला ना यंत्र लागते, ना पैसा. मुलाला पाय जुळवून उभे करावे, तळहात जोडून कमरेतून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे. पाठीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसला, एक खांदा वर किंवा एक खवाटा बाहेर आलेला वाटला, तर अस्थिवैद्याला दाखवावे. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वाढत जाणारे वाक त्यांच्यात अधिक आढळते. हे वाक लवकर कळले तर पुष्कळदा पट्ट्यावर भागते.

मुले मोठी झाली, की त्यांची उघडी पाठ आपल्या दृष्टीस फारशी पडत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र तेल-उटणे लावण्याच्या निमित्ताने ती समोर येते. यंदा उटणे चोळून झाले, की त्यांना एकदा पुढे वाकायला सांगावे आणि दिव्याच्या उजेडात नीट पाहून घ्यावे.